खंडेनवमीची टेप

बसा. लाईट येईल तवा येईल, मोबाईल आत ठेवा. त्यात फोटो किती हायत रं? हजारभर? आणि दुसरीकडं कुठं उतरवून ठेवलाय? न्हाय की. मग ही गोष्ट ऐका, आणि ऐकून झाल्यावर म्हाताऱ्याला खुळा म्हणा.

आमच्या गल्लीत महांतेश भाड्यानं राहायचा. जयसिंगपूरचा, कॉम्प्युटरचं काम करायचा. त्यानं स्वतः माझ्या कट्ट्यावर बसून सांगितलेलं हे. साल दोन हजार तीन. चार ऑक्टोबर, शनिवार, खंडेनवमी. रंकाळा तळ्याच्या अंगाला एका ट्रस्टची रक्तपेढी होती, नाव सांगत न्हाय. तिथं नवं मोठं मशीन आलतं. अकरा हजार रक्तदात्यांची नावं, रक्तगट, फोन, सगळं त्या एका मशीनमधी. महांतेशला काम दिलतं ते एवढंच, की रोज रात्री दोनला त्या सगळ्याची नक्कल आपोआप टेपवर उतरली पायजे. टेप म्हंजे गाण्याच्या कॅसेटसारखीच, जरा जाड. बॅकअप म्हणत्यात त्याला.

आधी हे काम गुंडूआण्णा हातानं करायचे. दहा वर्षं. नाकात तपकीर, ओळीनं तीन शिंका, आणि तोंडात एकच वाक्य, "उतरवलं म्हणू नको, वाचून बघितलं म्हण." टेप भरली की ते परत मशीनला लावायचे, नावं ताडून बघायचे, आणि मगच लेबलावर निळ्या पेनानं तारीख घालून 'वाचून बघितलं' लिहायचे. खंडेनवमीला मशीनची पूजा व्हायची, तर हा माणूस आधी धोतराचं फडकं टाकून मशीन झाकायचा. फुलं वरनं वाहा म्हणायचा, मशीनच्या तोंडात हळदकुंकू गेलं तर माझ्याशी गाठ हाय.

जूनमधी ट्रस्टच्या सेक्रेटरीनं त्यांला काढलं. टेप वाचत बसतोय, वेळ खातोय म्हणं. दहा वर्षांचा माणूस एका चिठ्ठीवर घालवला. पुढच्या महिन्यात बेंदराच्या सणादिवशी आण्णा गेले. आणि त्यांच्या टेपा भंगारवाल्याला घातल्या. अजून आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते.

तर त्या दिवशी महांतेशनं सगळं जुळवलं. नव्या टेपचं पाकीट फोडलं, कोऱ्या लेबलाची टेप आत घातली. उतरवून झालं की मशीननं टेप तपासायची, अशी पडद्यावर खूणही केलती. सेक्रेटरी म्हणला, तपासण्यात दोन तास जात्यात, सकाळी मशीन मोकळं पायजे, ती खूण काढ. महांतेशनं पोटाकडं बघितलं आणि काढली. सहाला सेक्रेटरीनं फोटोपुरतं रक्त दिलं, आयुष्यात पहिल्यांदा. महांतेशनंच त्याचं नाव मशीनमधी चढवलं.

मग पूजा. ह्या शहाण्या सेक्रेटरीनं टेपच्या खाचेत चिमूटभर कुंकू सोडलं. नारळ फोडला आणि पाणी मशीनच्या वरच्या जाळीवर शिंपडलं. साहेब, आत जातंय, म्हणून महांतेश बोलला. तर म्हणतो, देवाचं पाणी हाय, त्यानं काय होतंय?

पहिली नक्कल डोळ्यांनी बघायची म्हणून महांतेश रात्री थांबला. बारा चाळीसला फट्‌ असा आवाज झाला. जळका वास आला. उघडून बघतो तर आत पाणी. मशीन मेलं, त्यातली नावंही गेली. दोन वाजायचे होते, म्हंजे टेप कोरीच. त्यानं चिडून प्लग उपटला.

एकला दारात माणूस उभा. इचलकरंजीचा, लूमवरचा, केसांत सुताची कसपटं. बायको तानाबाई बाळंत झालती, रक्त थांबत नव्हतं. तिचा गट बॉम्बे. दहा हजारात एखादा असतो, आणि दुसरं कसलंच रक्त चालत न्हाय. पेढीत बाटली नव्हती. सांगली-मिरजेला फोन झाले, तिथंही न्हाय. पेढीच्या यादीत असली माणसं चार, आणि त्या चौघांची नावं मेलेल्या मशीनमधी.

सेक्रेटरीला फोन लावला. तो म्हणला सकाळी बघू, आणि ठेवला.

तो माणूस म्हणाला, "पावणं, नुस्तं गाव सांगा. मी पळत जातो."

महांतेश मशीनच्या खोलीत गेला. दार लावलं. मशीनवर एक बुक्की हाणली. राग सेक्रेटरीचा होता... आणि स्वतःचाही. ती खूण त्यानंच काढलती की.

"आण्णा," तो म्हणला. "चुकलं माझं."

मग मागच्या खोलीत शिंक आली.

एक.

दोन.

महांतेश थांबला... तीन.

तपकिरीचा वास आला. पावलं न्हाईत, सावली न्हाय. टेबलावर जोरानं थाप पडली. चिडलेल्या माणसाची.

मग मशीन बोललं... टक्‌.

टेप बाहेर आली. प्लग खाली जमिनीवर पडलता.

लेबल बघायची सवड कुणाला? मागच्या खोलीत आण्णांचं जुनं मशीन होतं, आतलं सगळं पुसलेलं, धूळ खात. महांतेशनं टेप त्यात घातली. पडद्यावर नावं आली... एकामागनं एक... अकरा हजार. बॉम्बे गटाचे चार. पहिला, बिद्रीचा जोतीराम. शेजाऱ्याचा फोन. जोतीराम म्हणला, आलोच, आणि साडेतीनला मोटरसायकलीवरनं दारात हजर झाला. तानाबाई वाचली. पोरगीही हाय. आता तिचं लगीन झालंय.

सकाळी सेक्रेटरी आला. सगळं ऐकून म्हणतो, आण्णाची जुनी टेप राहिली असंल कुठंतरी, नशीब म्हणायचं. महांतेश तवा भडकला. दंडाला धरून त्याला पडद्यापुढं उभा केला. "साहेब, शेवटचं नाव वाचा."

शेवटचं नाव सेक्रेटरीचं होतं. चार ऑक्टोबर, संध्याकाळी सहा दहा.

तो टेप दाखव म्हणला. महांतेशनं काढून हातावर ठेवली. कुंकवाचा कण न्हाय. दहा वर्षं रोज ज्या अक्षराखाली त्यानं सही केली, ते लेबलावरचं अक्षर त्याला लगेच कळलं. टेप तिथंच टाकून तो खुर्चीत बसला.

महांतेशनं ती उचलली आणि त्याच दिवशी नोकरी सोडली. माझ्या कट्ट्यावर दाखवाय आणलती. लेबल मी ह्या डोळ्यांनी बघितलंय. कोपऱ्यात तपकिरीचं बोट उमटलेलं. वर निळ्या पेनानं, चार दहा तीन.

आणि खाली, वाचून बघितलं.