उभी चावी

मी फक्त एक चावी परत करायला निघाले होते. एवढ्याशा कामातून पुढचं सगळं झालं, म्हणून तिथूनच सांगते. कंदील जरा मोठा कर.

माझे सासरे सहादूदादा नाशिकच्या नगरपालिकेत पाणी सोडायचे. आमची वसाहत उतारावर. रस्त्याकडेच्या खड्ड्यातला व्हॉल्व्ह ते लांब लोखंडी चावीने फिरवायचे. चावी चांगली माझ्या लेकीच्या, बेबीच्या उंचीची. पाणी सोडलं की दादा चावीच्या मुठीला कान लावायचे आणि दुसऱ्या बाजूने बेबी.

"दादा, पाणी कुठवर आलं?"

"सुमनबाईच्या ओट्यापाशी."

आणि खरंच, सुमनबाईंची बादली वाजायची.

सगळ्या वसाहतीला पाणी देणारा हा माणूस घरी येऊन हंडेही स्वतःच भरायचा, बायकोला उचलू द्यायचा नाही. मी सून, पण मला माहेरच्यापेक्षा जास्त माया त्यांनी लावली. त्यांची एकच शिस्त होती. पाणी सोडून चहाला घरी आले की चावी दारामागे उभी करायचे. चावी उभी म्हणजे पाणी चालू, काम बाकी. तेवढ्या वेळात ते घरात येतसुद्धा नसत, उंबऱ्यावरच टेकत. पाणी बंद करून आले की चावी भिंतीकडेला आडवी पडायची. मग ते आमचे.

एक्याऐंशीच्या थंडीत ते त्या उंबऱ्यावरच गेले. हातात चहाची बशी होती आणि चावी दारामागे उभी. त्या दिवशी पाणी बंद केलं ते त्यांच्या हाताखालच्या काळूने, आपल्या चावीने.

काही दिवसांनी मी दादांची चावी काळूकडे घेऊन गेले. त्याने हात मागे घेतला.

"राहू द्या वहिनी. माझी हाय मला. दादांच्या चावीला मी नाय हात लावायचा."

मग काय, आणली परत आणि दारामागे टेकवली.

त्याच दिवशी दिवेलागणीला अंगणात चपला वाजल्या. दमलेल्या, ओल्या. मग खोकला. दाराच्या फटीतून ओल्या लोखंडाचा आणि चिखलाचा वास आला... मी डोकावले. अंगण रिकामं होतं आणि उंबरा ओला होता.

मग रोजच. माझे यजमान अंबडला कारखान्यात, दुसऱ्या पाळीला. घरात मी, बेबी आणि सासूबाई. सांगायचं कोणाला? आम्ही बौद्ध माणसं. घरातले अंगारे-धुपारे दादांनी स्वतः बंद केलेले. आता त्यांचंच भूत झालं म्हणू? पण संध्याकाळ झाली की मी बेबीला जवळ ओढून बसायचे.

एकदा झाडता झाडता चावीकडे नजर गेली आणि चटका बसला. चावी उभी होती. पाणी अजून चालूच आहे असं त्यांना वाटत असणार. असा माणूस निजेल कसा? मी ती आडवी ठेवली आणि ती संध्याकाळ शांत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा चपला वाजल्या. चावी उभी. मी बेबीला रागावले, बिचारी रडली.

मग मी पाळत ठेवली. उन्हं कलल्यावर सासूबाई आल्या आणि दोन्ही हातांनी, धापा टाकत, ती जड चावी उभी करू लागल्या.

"आत्याबाई..."

त्या दचकल्या नाहीत. "आडवी असली का येत नाय गं ते. उभी असली म्हंजे चहापुरते तरी येत्यात."

"आणि त्यांचा जीव? जन्मभर राबले. आता तरी निजू द्या त्यांना."

त्यांनी तोंडाला पदर लावला.

दादांच्या पुण्यानुमोदनाला, त्यांच्या स्मरणाच्या कार्यक्रमाला, सगळी वसाहत लोटली. मेणबत्त्या लागल्या, त्रिशरण-पंचशील झालं, एकेक जण दादांविषयी बोलला. शेवटी आत्याबाई उठल्या. "लय चांगला माणूस. मला कधी हंडा उचलू दिला नाय." एवढंच बोलल्या. मग सगळ्यांसमोर चावी आडवी ठेवली, तिच्यावर पांढरं कापड घातलं आणि म्हणाल्या, "निजा आता." मी हमसून रडले.

यजमान घोटीच्या पाहुण्यांना एसटीवर सोडायला गेले. मी दाराला आतून कडी घातली आणि आम्ही तिघी मागच्या पडवीत भांडी घासत बसलो. आत्याबाईंना मी क्षणभरही नजरेआड केलं नाही. बेबी माझ्या शेजारीच होती.

अंधारून आलं तसा दिवा लावायला आत आलो. कडी तशीच होती. पांढऱ्या कापडाची नीट घडी करून ठेवलेली. चावी दारामागे उभी, आणि तिच्या खालच्या टोकाला ताजा, ओला चिखल.

बाहेर कोणीतरी खोकलं.

"मी नाय गं लावला हात..." आत्याबाई हळूच म्हणाल्या. मग डोळे पुसले आणि चहा ठेवायला वळल्या.

तेवढ्यात बेबीने चावीच्या मुठीला कान लावला.

"दादा, पाणी कुठवर आलं?"

ती जरा वेळ ऐकत राहिली. मग हसली, कडी काढली आणि उंबऱ्यावर जाऊन बसली, एका बाजूला सरकून.