भिंतीकडे न फिरवलेलं चित्र

आमच्या डच शहरात, लायडनमध्ये, घरात कोणी गेलं, की आरसे आणि चित्रं भिंतीकडे तोंड करून फिरवतात. जाणाऱ्याचा जीव कशात गुंतू नये म्हणून. चित्रकाराच्या घरी हे काम केवढं! बारेंट गेला तेव्हा शेजारची नेल्त्ये आणि मी जिने चढून-उतरून दमलो, आणि ईझलवरचं अर्धवट चित्र तेवढं राहून गेलं.

चित्र आमच्याच स्वयंपाकघराचं; माझी जागा त्यात अजून कोरीच होती. माझ्या नवऱ्यानं राजे-सरदार कधी रंगवले नाहीत. हेरिंग मासे साफ करणाऱ्या बायका, केरसुणी, उंबऱ्यावरचं कुत्रं, यांचंच त्याला वेड. आणि बिअरची सुरई धरून उभी मी! जन्म गेला माझा सुरई धरण्यात. जरा मान हलली की खेकसायचा, "अगं, किती चुळबुळ! ती खुर्ची बघ, कशी शहाण्यासारखी उभी आहे." आता त्याच खेकसण्यासाठी, रंगात कालवायच्या जवसाच्या तेलाच्या त्याच्या अंगाच्या वासासाठी जीव तुटतो.

चित्रातल्या मागच्या खोलीत तो पहिल्यांदा दिसला, पाठमोरा. डाग असेल म्हणून मी बोटानं चाचपलं. रंग केव्हाच वाळलेला होता. दुसऱ्या दिवशी तपकिरी सदरा ओळखू आला, उसवलेल्या बाहीसकट. ती बाही शिवायची माझ्याकडून राहूनच गेली होती.

नेल्त्येला दाखवलं. ती मटकन खाली बसली.

"फिरव ते, लिस्बेट. अडकलाय बिचारा."

"फिरवते गं. एकदा तोंड बघू दे त्याचं."

"जन्मभर बघितलंस की!"

"तो बघायचा. मला कुठे हलू द्यायचा मेला?"

मी रोज चित्रासमोर जाऊन बसू लागले. चूल विझायची, शिळा पाव तसाच चावायची. तो उंबऱ्यापर्यंत आला होता, पण वळत नव्हता.

एका दुपारी मी सुरई हातात घेतली आणि पूर्वीसारखी उभी राहिले. मान तिरकी, नजर खाली.

तो वळला.

तोच चेहरा. एक डोळा बारीक करून माझ्याकडे बघत होता. मला रडू फुटलं, पण डोळ्यांतून पाणी येईना.

नेल्त्येचे लाकडी बूट वाजले. "लिस्बेट? दार सताड उघडं टाकून कुठे गेली ही बया?"

मी समोरच होते. ओ देता येईना.

ती जवळ आली. अगदी जवळ. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"देवा," ती पुटपुटली. तिनं दोन्ही हात पुढे केले आणि चित्र भिंतीकडे फिरवलं.

भर दुपारी अंधार झाला. माझ्या मानेशी जवसाच्या तेलाचा वास आला.