बुनताम आजोबांचा शेजार

भाताची कापणी आटोपली की पिकुन दरवर्षी चि नावाच्या नदीकाठच्या एका गावात रक्ताचे नमुने घ्यायला जायची. गाव तिच्या केसोन मावशीचं. मावशीनेच तिला लहानाचं मोठं केलं होतं, त्यामुळे खोनकेन शहरातल्या प्रयोगशाळेतल्या तिच्या नोकरीचा तिथे कुणावर वचक नव्हता. मठाच्या मंडपात बायका चिकट भाताच्या टोपल्या मांडीवर घेऊन रांगेने बसायच्या आणि सुई टोचून घेता घेता तिच्याच लग्नाची चौकशी करायच्या.

कच्च्या माशातून यकृतात कृमी होतात आणि कृमींमागून कॅन्सर येतो, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून लिंबू-मिरची लावलेला कच्चा मासा कुणी सोडला होता असं नाही. पिकुन मोजायची ते ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज नावाचं एन्झाइम. शरीरात शिरलेल्या विषाला पकडायचं आणि बाहेरची वाट दाखवायची, हे त्याचं काम. कुणाच्या अंगात ते भरपूर असतं, कुणाच्या जन्मतःच कमी.

गावातल्या बुनताम आजोबांचा नमुना तिने यंत्रात ठेवला, तर यंत्राने मोजायला सुरुवात करण्याआधीच एन्झाइमने नळीतलं रसायन फस्त केलं होतं. तिने रक्त शंभर पट पातळ केलं, मग हजार पट. प्रत्येक वेळी तेच. सहाव्या खेपेला तिने वहीत ‘यंत्रात बिघाड’ असं लिहिलं आणि यंत्र तपासून घेतलं. ते ठणठणीत होतं.

मावशीला हे सांगितलं तर ती पोट धरून हसली. गावाला हे कळायला यंत्र लागलं नव्हतं, म्हणाली. आजोबा शेजारी बसले की कुणाला दारू चढत नाही, म्हणून लग्नात त्यांना कोपऱ्यात एकट्याला वाढतात. एकदा तिघांना रानातली अळंबी बाधली, तेव्हा त्यांना उचलून आजोबांच्या ओट्यावर नेऊन टाकलं होतं. आजोबांनी काही केलं नाही. विड्याचं पान चघळत त्यांची टवाळी करत बसले, एवढंच. दुपारपर्यंत तिघे आपल्या पायांनी घरी गेले.

पुढच्या वर्षी मावशीलाच यकृताचा कॅन्सर निघाला. शहरातल्या दवाखान्यात पाच खाटांच्या वॉर्डात तिला सलाईनमधून औषध सुरू झालं. पहिल्या खेपेला तिचे हाल कुत्रं खाईना. दुसऱ्या खेपेला मात्र बुनताम आजोबा भेटायला आले आणि मग दर खेपेला येतच राहिले. खुर्ची ओढून बसायचे, नर्सची नक्कल करायचे. पाचही बायका हसायच्या, भाजलेला मासा मागवून खायच्या. कुणाला मळमळ नाही, कुणाचा केस गळाला नाही. नर्स त्यांना दारापासूनच हात धरून आत आणायच्या.

दोन महिन्यांनी तपासणी झाली. पाचही जणींच्या गाठी वाढल्या होत्या.

डॉक्टर पिकुनला म्हणाले की शेजारच्या वॉर्डात याच औषधाने गुण येतोय, इथे मात्र ना त्रास, ना गुण. जणू नळीतून नुसतं पाणी जातंय.

कॅन्सरच्या पेशीसुद्धा हेच एन्झाइम साठवतात आणि औषधाला विष समजून बाहेर फेकतात, हे पिकुनला माहीत होतं. पण ते पेशीच्या आत घडतं. शेजारच्या खुर्चीवरून नाही.

तरी ती गावी गेली. आजोबा ओट्यावर जाळं दुरुस्त करत होते.

“आजोबा, तुम्ही दवाखान्यात येऊ नका,” ती म्हणाली.

त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. “तिथलं औषध म्हणजे विषच ना गं?”

“हो.”

“मग मी तिथे बसून फार दिवे लावले म्हणायचे.” ते हसले. बायकांच्या वॉर्डात जायची बंदी या वयात व्हावी, हा आपला मानच आहे म्हणाले. निघताना त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. “मी नाही, तर तू तरी बस तिच्यापाशी.”

गुरुवारी औषध सुरू झालं. आजोबा आले नाहीत. दुपारी पिकुन वॉर्डात पोचली तेव्हा पाचही जणी ओकत होत्या आणि नर्सची धावपळ चालली होती. कुणाच्या ओकण्याने इतका आनंद तिला कधी झाला नव्हता. ती लगबगीने मावशीजवळ गेली आणि तिची पाठ चोळू लागली.

मावशी थांबली. तोंड पुसून म्हणाली, “तू आलीस आणि बघ, एकदम हलकं वाटलं.”

दोन्ही बाजूंच्या खाटांवरचं ओकणंही थांबलं होतं.

पिकुनने वर सलाईनच्या बाटलीकडे पाहिलं. औषध थेंब थेंब पडत होतं.

आजोबांनी बराच वेळ धरून ठेवलेल्या आपल्या हाताकडे पाहत ती दोन पावलं मागे सरली. मग आणखी चार.

मावशीने पुन्हा भांडं ओढलं.

“कुठे चाललीस?” ती भांड्यावरूनच म्हणाली. “बस ना.”

पिकुन दारापर्यंत आली आणि तिथेच उभी राहिली. आत चार जणी ओकत होत्या. दाराजवळच्या खाटेवरची बाई तेवढी उठून बसली आणि तिच्याकडे पाहून हसली.