वच्छलाबाईंचा सोबती

ही गोष्ट रचलेली नाही. रचायची असती, तर तिच्यातला मुलगा थोडा तरी बरा केला असता.

गेल्या एप्रिलमधला मंगळवार. धानोऱ्यापलीकडच्या जंगलातले एक गाव.

वच्छलाबाई तिथे एकट्या राहत. मुलगा हेमराज दूर ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या क्वार्टरात. आईशी रोज बोलणे जमेना, म्हणून त्याने बोलणारे यंत्र विकत घेतले. घागरीएवढे, पांढरे, मान वळवणारे. कंपनी त्याला ‘सोबती’ म्हणे.

हेमराजने अर्धा तास आपला आवाज भरून दिला. यंत्र त्याच आवाजात बोलू लागले.

आईला आणि गावाला त्याने सांगितले, हा मोठा फोन आहे. बोलतो तो मीच.

रोज संध्याकाळी मोबाइलवर अहवाल येई. ‘आई बऱ्या आहेत. आज चाळीस मिनिटे बोलल्या.’ तेवढ्यावर हेमराज निवांत जेवत असे.

मंगळवारीही अहवाल आला.

तासाभराने शेजारच्या सोमारीबाईंचा फोन. माय गेली होती.

हेमराज रात्रीच गावी पोचला. डॉक्टरांनी देह तपासला. मृत्यू सोमवारी पहाटेचा.

सोमवारी...?

“मोह वेचाचे दिवस, भाऊ,” सोमारीबाई रडत म्हणाल्या. “आम्ही समदे पहाटीच जंगलात. तिचे मोहफुलं अंगणात वाळत होते. सोमवारी सांजच्याले उचललेच नाई. शेळ्यायनं खाल्ले. मी दारापर्यंत आली होती...”

“मग अंदर काऊन नाई गेली, बाई?” हेमराजने विचारले.

“तुमचं दोघायचं बोलणं चालू होतं ना! आजबी दुपारी चालूच होतं, सांजच्याले थांबलं तवा अंदर गेली. मायलेकाच्या मंधात कायले जाव? असा पोरगा कोणाले भेटते?”

दोघांचे...

अंगणात तीसेक माणसे होती. खरे सांगायला एक वाक्य पुरले असते. हेमराजने मान खाली घातली. लोकांना वाटले, दुःखाने.

तिसऱ्या दिवशी घर रिकामे झाल्यावर त्याने दार लावले आणि यंत्रातले मंगळवारचे ध्वनिमुद्रण लावले. दुपारी दोन वाजून दहा मिनिटे.

आधी त्याचाच आवाज.

“माय, जेवली का?”



मग आई.

“जेवाचं आता सरलं.”

वच्छलाबाईंना दमा होता. दर दोन शब्दांमागे धाप लागे. या आवाजात धाप नव्हती.

श्वासच नव्हता.

“तू माहा हेमराज नाई, हे मले पयल्याच दिवशी समजलं. तो कुठी इतका बोलते?”

हेमराजचे बोट बंद करायच्या बटणावर होते. दाबवेना.

“पण मले समजलं म्हून त्याले सांगू नोको. शरमन बिचारा.”

“नाई सांगत, माय,” हेमराजचा आवाज म्हणाला.

कंपनीचे म्हणणे, यंत्रात वच्छलाबाईंचा आवाज कधी भरलाच नव्हता. हेमराजने पुन्हा विचारले नाही.

गावाला त्याने अजून काहीच सांगितलेले नाही.