दुसरा ठोका

नारायणगावच्या बाजारात माझे वडील, आण्णा, कलिंगड घ्यायचे ते बोटाच्या पेरानं वाजवून. आवाज बद्द आला तरी लगेच बाजूला सारायचे नाहीत. पुन्हा एकदा, हलकेच, वाजवून बघायचे. विकणारा वैतागायचा. "पावणं, कलिंगड हाय त्ये, दार न्हाई."

"चांगलं असंल तर उगंच कशाला टाकायचं?" आण्णा म्हणायचे.

फळं निवडायची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत ते फिटर होते. तिथं त्यांनी स्वतःच्या डोक्यानं एक यंत्र जुळवलं. पट्ट्यावरून कलिंगड येतं, लाकडी हातोडी एक ठोका मारते आणि आतून नासलेलं असेल तर खालची झडप उघडते. दिवाळीनंतर आण्णाच गेले. पोटात काय बिघडलंय ते कळायला फार उशीर झाला.

फेब्रुवारीत कंपनीनं मला बोलावलं. या यंत्राच्या पेटंटसाठी अर्ज करायचा की नाही, ते समिती ठरवणार होती. केला तर संशोधक म्हणून आण्णांचं, म्हणजे सयाजीरावांचं, नाव लागणार. नाहीतर यंत्र सुटं करून भाग दुसरीकडं वापरणार. माझ्याकडं त्यांचं दुसरं काही उरलं नव्हतं.

शेडमध्ये समितीच्या तेजस्विनी मॅडम होत्या, पुण्याहून आलेले वकील होते. आण्णांच्या हाताखाली शिकलेला भरत यंत्र चालवत होता.

"हे आधी बाहेर कुणाला दाखवलं होतं का?" वकिलांनी विचारलं. "दाखवलं असेल तर नवेपणा जातो."

"छ्या! आण्णांनी घरात बी सांगितलं नसंल." भरत माझ्याकडं बघून ओशाळला. "व्हय ना, ताई?"

खरंच सांगितलं नव्हतं.

कलिंगडं सोडली. झडपेतून पडलेलं प्रत्येक कापून बघितलं. गर काळवंडलेला, आंबूस वास. पुढं गेलेलीही कापली, ती लालबुंद.

"कधी चुकलंय का हे?" मॅडमनी विचारलं.

भरत घुटमळला. "एकदा गणपतीत, पट्टा पुसताना आण्णांचा हात मधी आला, तर झडप उघडली. आमी लई हसलो. म्हणलं, आण्णा, तुमीच नासकं निघालात राव! त्ये बी हसले. पण मग रोज सुट्टी झाली की हात धरून बघायचे." तो थांबला. "रोज उघडायची."

"म्हणजे हात आला की चुकतं," वकील म्हणाले. "हा दोष झाला."

मॅडमनी स्वतःचा तळहात हातोडीखाली धरला. ठक्. झडप बंदच. मग वकिलांनी धरला. बंद. भरतनं डोळे मिटून हात पुढं केला. बंद.

"दोष नाही," मॅडम म्हणाल्या. "अर्ज करू. संशोधक म्हणून सयाजीरावांचं नाव."

मी मान हलवली. आण्णांनी रोज हात धरला ती जागा समोर होती. मी तिथं हात ठेवला.

ठक्.

झडप उघडली.

भरतनं घाईनं बटण बंद केलं. पट्टा थांबला. झडप मिटली.

माझा हात तिथंच होता.

मग बंद यंत्राची हातोडी उचलली गेली आणि तिनं पुन्हा एकदा, हलकेच, वाजवून बघितलं.

झडप सावकाश उघडली.