देव आलाच नाही

खिओस बेटावर फिलाग्रोस गात असे. त्याच्यामागे त्याचा पुत्र थ्रासिप्पोस गायला, थ्रासिप्पोसमागे नावसिक्लेस. तिघांपैकी एकाचीही जीभ भर सभेत अडखळली नाही. अडखळली ती चौथ्या पिढीत, नावसिक्लेसच्या अरिस्तोनची; आणि त्याने ते कोणाला कळूही दिले नाही.

जिथे ती अडखळली, त्याच किनाऱ्यावरच्या गावी वर्षभराने अपोलोच्या उत्सवात गाण्यासाठी तो पुन्हा आला. वेशीबाहेरच्या झऱ्यावर पाणी प्यायला वाकला, तोच पलीकडे घागर भरणाऱ्या मुलीने त्याच्या खांद्यावरची वीणा पाहिली.

"या, गायकबुवा. यंदा कोणाला धुक्यात घालणार?"

वाऱ्याने तिची ओली बट गालाला चिकटली होती. अरिस्तोनची नजर तिथेच रेंगाळली.

"तुम्हाला घातलं असतं... पण मग दिसणार कशा?"

ती हसली—जवळजवळ. मग घागर खाली ठेवून म्हणाली, "मी मिर्तो. तिमांद्रोस माझे पणजोबा."

त्याची ओंजळ पाण्यातच राहिली.

फिलाग्रोसच्या काळी या गावावर समुद्रचोर आले, तेव्हा सारे गाव टेकडीवर पोचेपर्यंत तिमांद्रोसने एकट्याने वेस धरली आणि तिथेच प्राण सोडला. टेकडीवर पोचलेल्यांत तान्ह्या मुलाला खांद्यावर घेतलेला फिलाग्रोसही होता. आपल्या वंशात कंठ आहे तोवर दर उत्सवात हे मरण गाइले जाईल, अशी शपथ त्याने घेतली होती.

गेल्या वर्षी नेमक्या त्याच प्रसंगी अरिस्तोनला पुढची ओळ आठवेना. गाणे अडले की गायक देवाला बोलावतात. त्यानेही गाण्यात अपोलोला उतरवले, धुके पसरवले आणि तिमांद्रोसला वेशीवरून अलगद उचलून दूर सुखरूप ठेवले. सभेने माना डोलावल्या.

गायकाच्या मुखातून गाण्याची देवी बोलते, असे हे लोक मानतात. त्यापुढे म्हाताऱ्यांच्या आठवणींना कोण विचारतो? मग वेस धरली कोणी, तिमांद्रोस पळाला की काय, अशी कुजबुज सुरू झाली. मिरवणुकीत देवाची टोपली डोक्यावर वाहण्याचा त्या घरातल्या मुलींचा मान दुसऱ्या घरी गेला. हे सारे मिर्तोने शांतपणे सांगितले. अरिस्तोनच्या कानांच्या पाळ्या तापत गेल्या.

"आजोबा म्हणतात, दैवात होतं," ती म्हणाली.

त्याने नुसती मान डोलावली असती, तर सुटला असता.

"दैव नव्हतं... मी विसरलो."

"ते मला ठाऊक होतं. देव इतक्या वेळेवर येत नाहीत."

"सभेत सांगितलं, तर मला पुन्हा कोणी गायला बोलावणार नाही."

"नाहीच बोलावणार." तिने घागर डोक्यावर घेतली. "आणि नाही सांगितलंत, तर मी पुन्हा बोलणार नाही. काय जास्त सोसवेल ते बघा."

दुसऱ्या दिवशी, मिरवणूक निघण्यापूर्वी, अरिस्तोनने वेदीवर हात ठेवून सगळे कबूल केले. मागून कोणी हसले. कोणी विचारले की, बापाने हेच शिकवले का. ते त्याला सर्वांत जास्त लागले. मान खालीच ठेवून त्याने वीणा घेतली आणि वेशीचा प्रसंग तिमांद्रोसच्या शेवटच्या श्वासापर्यंत गायला. देव आलाच नाही.

पुजाऱ्याने मुकाट्याने टोपली मिर्तोच्या डोक्यावर ठेवली. ती अरिस्तोनपाशी येऊन थांबली.

"वर बघा ना."

"लाज वाटते."

"वाटू द्या... तुम्हाला शोभते ती."

त्याने वर पाहिले. आणि तिचेच डोळे आधी झुकले.

मग तिचे आजोबा, तिमांद्रोसचा म्हातारा मुलगा, काठी टेकत उठले. यज्ञातल्या मांसाचा पाठीकडला मानाचा तुकडा त्यांनी गायकापुढे ठेवला आणि सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "फिलाग्रोसच्या घराचं देणं आज पुरतं फिटलं. यापुढे हा पोरगा आमच्या दारी आला, तर स्वतःच्या मनाने आला असं समजा."