शेजारची उशी

वीज गेली आणि गायनाच्या सरावाला जमलेली मुले चर्चमध्येच अडकली. चर्चची देखभाल करणाऱ्या आजोबांनी मधोमध कंदील ठेवला आणि आपल्या ओळखीच्या एका वायरमनची हकिकत सांगायला घेतली. गेल्या नोव्हेंबरातल्या दुसऱ्या शुक्रवारची रात्र. त्यात पदरचे काही नाही, असे त्यांनी आधीच बजावले.

वायरमनची बायको त्या संध्याकाळी बाळंत झाली होती. मुलगी सुखरूप होती. परंतु आईचा रक्तस्राव थांबत नव्हता. रात्र निघाली तर बघू, एवढेच डॉक्टर म्हणत होते. वायरमनच्या येरझारांना शेवटी सासूबाई वैतागल्या.

"जावईबापू, इथे थांबून तुम्ही काय दिवे लावणार आहात? जा, साखळीत आपला तास धरा."

साखळी म्हणजे प्रार्थनेची. या चर्चच्या मंडळीतले कोणी जिवावरच्या दुखण्यात असले, की वेदीलगतच्या छोट्या खोलीत रात्रभर एकेकाने तासभर गुडघे टेकायचे. खोलीत उशा दोन. पुढचा माणूस अंधारातच येतो, शेजारच्या उशीवर गुडघे टेकतो आणि आधीच्याच्या खांद्यावर हात ठेवतो. मगच आधीच्याने उठायचे. बोलायचे नाही, दिवा लावायचा नाही आणि साखळी तुटू द्यायची नाही.

दोन वाजता त्याने आधीच्या तासाला बसलेल्या शिंप्याला मोकळे केले. तीनला शाळेतल्या मास्तरीणबाई यायच्या होत्या.

गुडघे टेकले आणि त्याची वाचाच बसली. आजवर त्याने देवाचे आभार मानले होते, 'तुझी इच्छा' असे म्हटले होते; मागितले मात्र कधीच नव्हते. आज मागितले आणि देव नाही म्हणाला तर? त्यापेक्षा न मागितलेलेच बरे, असे त्याला वाटले. ओठ मिटलेलेच राहिले.

खिशातला फोन थरथरला. हॉस्पिटल.

उठावे तर साखळी तुटते. न उठावे तर... ती शेवटचे काही बोलत असेल तर?

फोन थांबला. पुन्हा थरथरला.

आणि शेजारची उशी दबली.

दार वाजले नव्हते. पावले वाजली नव्हती. खांद्यावर हात आला. जड. स्थिर.

बाई लवकर आल्या असे समजून तो उठला आणि बाहेर धावला. पायऱ्यांवर उभे राहून त्याने फोन लावला. सासूबाईंचा आवाज ओळखू येत नव्हता. आणखी रक्त चढवायला घेतले होते, एवढेच कळले.

फाटकातून बॅटरीचा उजेड आला. मास्तरीणबाई. धापा टाकत.

"उशीर नाही ना झाला मला?"

त्याने वळून खोलीकडे पाहिले.

आतून आवाज येत होता. हळू. कोणीतरी मागत होते. तिला राहू दे... मला ती हवी आहे... राहू दे तिला. मध्येच तिचे नाव. घरात, तेही फक्त तोच, ज्या नावाने तिला हाक मारायचा, ते.

बाईंनी बॅटरी खाली केली.

"हा तर तुमचा आवाज आहे."

"मी इथे आहे, बाई."



आतला आवाज थांबला.

"साखळी..." बाई पुटपुटल्या.

तो आत धावला. अंधार. दार एकच, आणि त्यातून कोणी बाहेर आले नव्हते. त्याने शेजारची उशी चाचपली. गुडघ्यांचे दोन खळगे. उबदार. पळून जावे, असे त्याला फार वाटले.

तो गेला नाही. त्याच खळग्यांत त्याने गुडघे टेकले. बरोब्बर बसले. मग तो मोठ्याने मागू लागला. शब्द न शब्द, आत्ताच ऐकलेले.

उजाडता उजाडता रक्तस्राव थांबला. महिन्याभराने मायलेकी दोघी चर्चला आल्या.

"आणि ती उशी?" मुलांतल्या एकीने विचारले.

कंदील उचलून आजोबा वेदीलगतच्या त्या छोट्या खोलीपाशी गेले. उशीत नवा कापूस आजच दुपारी भरला, तेव्हापासून खोलीला कुलूप आहे आणि किल्ली आपल्याच खिशात आहे, एवढे त्यांनी सांगितले. कुलूप काढले. दार ढकलले.

कंदिलाचा उजेड उशीवर पडला.

दोन खळगे.